दहा-चाळीसची नोंद

बाळांनो,

तुमच्या मेलमध्ये एकच प्रश्न होता, तोही सरळ विचारलेला. ‘आबांनी आईला समुद्रात जवळजवळ बुडवलं होतं, हे खरं का?’ तुमची आई तुम्हाला वाळूवर फार पुढं जाऊ देत नाही, आणि कारण विचारलं की एवढंच सांगते, असं तुम्ही लिहिलंत. मी चार दिवस उत्तर लिहिलं नाही. आज जेवणं उरकली, कपडे घड्या करून ठेवले आणि बसले.

बुडण्याची वेळ आली होती, हे खरं. बाकीचं मी क्रमानं सांगते, कारण त्यात तुमच्या आईलाही माहीत नसलेली एक गोष्ट आहे.

पहिल्यांदा आम्ही कोण होतो ते. पोलिस ॲक्शननंतर आमच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. मी त्या पहिल्या तुकड्यांमधली. पुढं इंग्रजी घेऊन शिकले आणि औरंगाबादेत मुलींच्या शाळेत तीच शिकवायला लागले. तुमचे आबा पाटबंधारे खात्यात होते. पैठणचं धरण भरलं तेव्हापासून रोज सकाळी पाण्याची पातळी वाचणं आणि कालव्याच्या पाळ्या लावणं हे त्यांचं काम. पाळी म्हणजे कुठल्या गावच्या शेताला कुठल्या दिवशी किती वाजता पाणी मिळणार, ते. गेट वर उचललं की पाणी निघतं आणि ठरल्या वेळी शेतात पोचतं. आबांच्या पाळ्या चुकत नसत. लोक म्हणायचे, घड्याळ लावायचं तर साहेबांच्या पाण्यावर लावा.

धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारोंनी पक्षी उतरायचे. आबांना ते बघायचा नाद लागला, मग मला, मग तुमच्या आईलाही. रविवारी पहिल्या एस.टी.नं पैठण, तिथून सायकलीनं काठ. पक्षी ओळखायचं काम आबांचं, मोजायचं तुमच्या आईचं आणि लिहायचं माझं. माझ्या वहीत पाच रकाने असत: वेळ, पक्षी, संख्या, अंतर पावलांत, आणि शेवटी शेरा. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ. ओळ चुकली तर मला दिवसभर चैन पडत नसे.

फुगवट्याचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं. उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात, आणि आम्ही त्याच गाळावरून पाण्याच्या कडेकडेनं पुढं पुढं जायचो. काठ ओला दिसला म्हणजे पाणी नुकतंच गेलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. जिथून पाणी गेलं ती जागा आपली.

तुमची आई चौदा वर्षांची असताना, नाताळच्या सुट्टीत, आम्ही कोकणातल्या एका खाडीकाठच्या अभयारण्यात गेलो. समुद्र आम्ही तिघांनी तोवर पाहिला नव्हता. इंग्रजी पुस्तकात एका पक्ष्याचं चित्र होतं. काळापांढरा, लांब लालभडक चोच, शिंपले फोडून खाणारा. तो धरणावर कधी येत नाही. तो बघायचा म्हणून आबांनी वर्षभर आधी ठरवलं होतं. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांकडून मोठी, तिकाटण्यावर म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर ठेवायची दुर्बीण मागून आणली होती. एस.टी.त ती सीटवर आणि आबा उभे, असा आमचा प्रवास झाला.

आदल्या संध्याकाळी तिथल्या वनरक्षकानं आम्हाला जागा दाखवली. खाडीच्या तोंडाशी एक जुना मातीचा बांध. बांधाच्या अलीकडं खारफुटीची झाडं, पलीकडं शंभरेक पावलं चिखल. त्यापुढं एक उथळ चर आणि चराच्या पलीकडं वाळूचा लांबट उंचवटा. पक्षी त्या उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला.

“उद्या भरती कितीला?” मी विचारलं. मला प्रत्येक गोष्टीची वेळ लागते.

“उद्या तिथी कुठली?”

“संकष्टी. माझा उपास आहे.”

“मग चतुर्थी. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. चार त्रिक बारा, बारा भागिले चार, तीन. तीनला भरती पूर्ण. आमच्याकडं बायकासुद्धा असंच मोजतात, ताई. घड्याळ लागत नाही.”

मला हे गणित इतकं आवडलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. आणि त्याखाली लिहिलं: भरती ३.००. परत फिरणे २.००. एक तास हाताशी.

आता तुम्ही समुद्राकाठी वाढलेली मुलं, तुम्हाला चूक लगेच दिसली असेल. आम्हाला ती दिसली नाही. आबांच्या आणि माझ्या डोक्यात भरती म्हणजे पाळी होती. तीन वाजता गेट उचलणार, तीन वाजता पाणी येणार, तोवर कोरडं. तीनला पूर्ण व्हायचं म्हणजे नऊलाच सुरुवात होणार, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. एकाची हयात पाण्यात गेलेली, दुसरीची शिकवण्यात.

सकाळी आठला ते दोघं चर ओलांडून उंचवट्यावर गेले. चरात घोट्याएवढं पाणी होतं. मला नऊवारी नसली तरी पाचवारी होती आणि चिखलाचा मला तिटकारा, म्हणून मी लहान दुर्बीण, वही आणि छत्री घेऊन बांधावर बसले. आमच्यात तीनशे पावलांचं अंतर. आम्ही खुणा ठरवल्या होत्या. छत्री उघडली तर ‘नवा पक्षी, इकडं बघा’. मिटलेली छत्री हलवली तर ‘खायला या’. संकटाची खूण ठरवली नव्हती. धरणावर कधी लागली नव्हती.

आबांनी पलीकडच्या पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि तिला चाकूनं खाचा पाडल्या. ही त्यांची सवय. पावणेनऊला त्यांनी मला दोन बोटं खाली करून दाखवली: दोन खाचा उतरलं. सव्वानऊला तळहात आडवा धरला: स्थिर. त्यानंतर काठीकडं त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण दहाच्या सुमाराला तो लाल चोचीचा पक्षी आला. एक नाही, अकरा. तुमच्या आईनं दोन्ही हात वर केले, मग एक बोट. मी लिहिलं, आणि आनंदानं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग माझ्याही बाजूला गंमत सुरू झाली. विळ्यासारख्या चोचीचे कोरल, बारीक तुतवार, चिखल्या, सकाळपासून खाली कुठंतरी ठिपक्यांसारखे दिसत होते ते चिखलावरून चालत, उडत, पुन्हा बसत माझ्याकडं यायला लागले. दहाला दोनशे पावलं. सव्वादहाला दीडशे. साडेदहाला शंभर. मला वाटलं, मी शांत बसले आहे म्हणून ते धीट झाले. शाळेत मुलींना मी हेच सांगायचे, की हालचाल केली नाही तर पक्षी आपणहून जवळ येतो. कोरलाच्या पिसांवरच्या रेघा मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. पक्षी का येताहेत हे मी विचारलं नाही. त्यांच्या पायाखालची जमीन जात होती.

आता ती नोंद.

शिंपल्या गोळा करणाऱ्या पाच-सहा बायका सकाळपासून चिखलात वाकून काम करत होत्या. त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, कमरेपर्यंत ओली, डोक्यावर टोपली आणि काखेत मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन बांधावर चढली आणि माझ्यासमोर थांबली. तिच्या येण्यानं सगळे पक्षी उडाले आणि गिरकी घेऊन पुन्हा बसले. मला राग आला.

“गो बाई, पाणी लागलं, चढतंय. ती तुझी माणसं तिथं काय करतात?”

“पक्षी बघतात.”

“बघून झालं असेल तर बोलव. पाणी लागलं.”

“भरती तीनला आहे,” मी म्हटलं. “आम्ही दोनला निघणार.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या वहीकडं. “तीनला तिथं तुझ्या डोक्यावर दोन पुरुष पाणी असेल,” ती म्हणाली आणि चालू लागली.

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटांची ओळ अजून पाच मिनिटांवर होती, पण मी ओळ लिहिली. वेळ १०.४०. पक्षी: कोरल. संख्या तीस. अंतर साठ पावलं. शेरा: ‘स्थानिक बाई म्हणते पाणी लागले. आपली वेळ २.००. पक्षी उत्तम दिसत आहेत.’

मुलांनो, मी ऐकलं. मला नीट ऐकू आलं, समजलंही. मी ते शुद्ध मराठीत लिहून ठेवलं आणि पुढचे पक्षी मोजायला लागले. कारण माझ्याकडं गणित लिहिलेलं होतं आणि तिच्याकडं टोपली होती. एवढंच कारण. दुसरं कुठलंही मी आजवर शोधून काढू शकलेले नाही.

अकराला कोरल चाळीस पावलांवर. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सहज चराकडं बघितलं. पाण्यावर नारळाचं एक सोडण, म्हणजे काथ्याची साल, तरंगत होतं. तेच सोडण मी आठ वाजता खाडीच्या तोंडाकडं वाहून जाताना पाहिलं होतं. आता ते उलटं, आत येत होतं. कालव्याचं पाणी कधी उलटं वाहत नाही. मी ते सोडण बघतच राहिले, आणि मग मला चर दिसला. सकाळी तो दहा पावलांचा होता. आता तो रस्त्याएवढा रुंद होता आणि तुमची आई आणि आबा त्याच्या पलीकडं होते. दोघांची पाठ माझ्याकडं. पाणी समोरून येईल असं त्यांनाही वाटत असणार. ते मागून आलं होतं.

मी उठून ओरडले. वारा समुद्राकडून होता, माझाच आवाज माझ्या तोंडात परत आला. मी छत्री उघडली आणि डोक्यावर धरून हलवली.

तुमच्या आईनं वळून बघितलं. तिनं आबांना हात लावला. आबांनी मोठी दुर्बीण फिरवली आणि ते मी दाखवत असलेला नवा पक्षी शोधायला लागले.

मी छत्री मिटून हलवली. आबांनी हात वर करून ‘थांब’ केलं. भूक नव्हती त्यांना.

मग मी बांधावरून खाली उतरले. चार पावलांत पिंढरीपर्यंत रुतले. चप्पल आत राहिली. पाचव्या पावलाला मला ना पुढं जाता येत होतं ना मागं. मी छत्री फेकली आणि नुसती किंचाळत राहिले. शब्द कुठले होते आठवत नाही. पुढं तुमची आई म्हणायची की तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण आई गुडघाभर चिखलात उभी आहे हे बघूनच तिला कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे, कारण आई चिखलात पाय घालत नाही.

ती शिंपल्यांची बाई बांधाच्या टोकाला टोपली धूत होती. ती पळत आली. मला तिनं काखेत हात घालून बाहेर ओढलं, गवताचा भारा ओढावा तसं. तेव्हाही तिचं लक्ष चराकडं होतं.

“पोहता येतं त्यांना?”

“नाही. दोघांनाही नाही.”

ती लगेच वळली. टोपली टाकली, पातेलं उचललं आणि चिखलात न शिरता डावीकडून, वळसा घेऊन गेली. तिकडं कालवांचा, चिकटून वाढणाऱ्या धारदार शिंपल्यांचा, थर होता, जमीन कठीण होती. ते तिलाच माहीत. चराशी पोचली, पातेलं पाण्यावर ठेवलं आणि ते पुढं ढकलत आत शिरली. कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. मग नुसतं डोकं आणि पातेलं. पलीकडं वाळूवर चढली तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला.

तिथं काय बोलणं झालं ते मला तुमच्या आईनं नंतर सांगितलं. पंधरा मिनिटांपूर्वी तिनं आबांना म्हटलं होतं, “बाबा, माझे पाय ओले होतायत.” आबा म्हणाले होते, “वाळूतून झिरपतंय गं. तीनला येणारंय पाणी. मला नको शिकवू, लई पाणी बघितलंय.” आता ती बाई समोर उभी राहिली तेव्हा आबांनी मागं वळून चर बघितला. तुमची आई सांगते, त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

“आधी पोरीला घ्या,” ते म्हणाले.

“तर काय तुला घेते?” बाई म्हणाली. “पोरी, ह्याची कड दोन्ही हातांनी धर. सोडलीस तर मला धरता यायचं नाही. पाय झाडू नको.”

मी बांधावरून बघत होते. पातेलं, त्याला धरलेलं एक डोकं, मागं ढकलणारं दुसरं डोकं. प्रवाह त्यांना आत ओढत होता, ती सरळ येत नव्हती, तिरकी जात होती. मध्यावर तुमच्या आईची वेणी पाण्यावर पसरलेली दिसली आणि चेहरा दिसला नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि मी ते बघितलं नाही. मग चेहरा वर आला, तोंड उघडं, खोकत. कालवांच्या थरावर तिचे पाय टेकले तेव्हा गुडघे कापले गेले होते. ती खूण तिच्या उजव्या गुडघ्यावर आहे. तुम्ही बघितली असेल, ती म्हणते सायकलवरून पडले.

बाई तिला तिथं उभी करून लगेच परत फिरली. उंचवट्यावर आता वाळू दिसत नव्हती. आबा पाण्यात उभे होते, घोट्याच्या वर, दुर्बिणीसकट तिकाटणं खांद्यावर. त्यांच्या मागं ते अकरा पक्षी एकदम उडाले. त्यांनाही जागा उरली नव्हती.

“ती नळी टाक!” बाई ओरडली. वारा तिच्या बाजूनं होता, मला स्वच्छ ऐकू आलं.

आबा हलले नाहीत. दुसऱ्याची वस्तू होती. माझ्या नवऱ्याला मी ओळखते, त्यांनी सरकारी पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही.

“अरे, टाक म्हणते ना! तुला ओढू की तिला?”

त्यांनी तिकाटणं खांद्यावरून काढलं, आणि ते पाण्यात नीट उभं करून ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग पातेल्याची कड धरली. या वेळी पाणी बाईच्या गळ्यापेक्षा वर होतं, ती पोहत होती. आबा जड होते. दोनदा पातेलं कलंडलं. दोघं थराच्या बऱ्याच पुढं, खारफुटीच्या मुळांत जाऊन लागले, आणि मुळं धरून वर आले. मी वळून बघितलं तेव्हा तिकाटण्याचं वरचं टोक तेवढं दिसत होतं, आणि मग तेही नाही. औरंगाबादेला परतल्यावर आबा त्या सरांकडं गेले. सरांनी फक्त विचारलं, “पोरगी आली ना?”

बाई बांधावर बसली, पातेल्यातलं पाणी ओतलं. मी तिचे हात धरले. माझ्याजवळ डब्यात उपासाचे राजगिऱ्याचे लाडू होते, ते मी ‘माझ्या उपासाचे आहेत’ म्हणून तिला दिले. तिनं एक घेतला, बाकीचे तुमच्या आईच्या हातात ठेवले.

“आजच्या दिवशी तूही दोन घास खा,” ती मला म्हणाली. “देव काही रागावत नाही.” आणि उठताना आबांकडं बघून, “साहेब, पाणी सांगून येत नाही असं म्हणतात ना, तसं नसतं. आमच्याकडं सांगून येतं.”

मला वाटलं, आता ती पुढचं बोलणार. ‘मी तुझ्या बायकोला सांगितलं होतं’ असं म्हणणार. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली.

बांधावरच तुमच्या आईनं आबांना विचारलं, “मी सांगत होते, तुम्ही का नाही ऐकलं?” आबा म्हणाले, “चुकलं बेटा.” ती त्या दिवशी पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, घरातलं सगळं पूर्वीसारखं झालं, पण त्यांच्याबरोबर पैठणला ती पुन्हा कधी आली नाही. आबा रविवारी एकटे जायचे. मोजायचं कामही तेच करायचे. तिनं तिकडं लांब नोकरी धरली तेव्हा एकदा चिडून म्हणाली होती, “बाबांच्या भरवशावर मी एकदा राहिलेय, पुरे.” आबा शेजारच्या खोलीत होते. मी भाजी चिरत होते, आणि चिरत राहिले.

त्या संध्याकाळी मुक्कामी आबांनी माझी वही मागितली. अकरा पक्ष्यांची नोंद बघायची होती. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत होतं. दहा-चाळीसच्या ओळीवर ते थांबलं. तुमची आई पलीकडं पडून होती, तोंड भिंतीकडं. आबांनी शेरा वाचला. माझ्याकडं बघितलं नाही. वही मिटली आणि म्हणाले, “सकाळची एस.टी. कितीची आहे?”

“साडेसहाची,” मी म्हटलं.

त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. नंतर अनेक वर्षं तुमची आई त्यांना बोल लावत राहिली, आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुझ्या आईला विचार. मीही म्हटलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ती आली, चार आठवडे राहिली, त्यांचं सगळं केलं. मला रोज वाटायचं, आज सांगावं. मी औषधांच्या वेळा लिहीत बसायचे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. आबांनी चूक केली, पण तिथलं पाणी ओळखणाऱ्या कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, अर्धा तास आधी, आणि तेव्हा चरात घोट्याच्या थोडं वर पाणी असेल. दोघं चालत आले असते.

ती वही मी आज कपाटातून काढली. उद्या रजिस्टर पोस्टानं पाठवते. तुम्ही उघडू नका, तुमच्या आईच्या हातात द्या. पानात मी लाल दोरा घातला आहे. तिला मी फोनवर सांगू शकले असते, पण मग मी कारणं दिली असती. ती ओळ तिनं स्वतःच वाचावी. शाई थोडी फिकी झाली आहे, तरी अक्षर स्वच्छ आहे. वाचायला अडचण येणार नाही.